कौलाची वेळ झाली, हे कशावरून ठरवणार?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
उत्तर आयर्लंड खाते, ब्रिटिश सरकार

प्रत : मा. पंतप्रधान, आयर्लंड प्रजासत्ताक, डब्लिन

विषय : आयर्लंडच्या एकीकरणावरील जनमत कौलाचे निकष लेखी जाहीर करण्याबाबत

स.न.वि.वि.

१० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ शांतता करारानंतर आपल्या संसदेने उत्तर आयर्लंड कायदा केला. त्याचं परिशिष्ट १ जेमतेम अर्ध्या पानाचं आहे. त्यानुसार आपण कधीही आदेश काढून कौल घेऊ शकता. आणि उत्तर आयर्लंडने ब्रिटनमधून निघून संयुक्त आयर्लंडमध्ये जावं, असं बहुसंख्य मतदार म्हणतील अशी शक्यता आपल्याला कोणत्याही वेळी दिसली, तर तो घ्यावाच लागतो. एका कौलानंतर पुढच्यासाठी सात वर्षं थांबायचं, हीही अट आहे.

सगळी मेख ‘दिसली’ या एका शब्दात आहे. कशावरून दिसली? एका पाहणीवरून की दहा पाहण्यांवरून? ती शक्यता किती महिने टिकायला हवी? करार होऊन पाव शतक उलटलं, मंत्री कितीतरी बदलले, आणि प्रत्येकाने एकच सांगितलं की तशी परिस्थिती आज नाही. नसेलही. पण कोणती परिस्थिती नाही, हे एकानेही लिहून दिलं नाही. प्रश्न न्यायालयातही गेला. धोरण आधी जाहीर करण्याचं बंधन कायद्याने मंत्र्यांवर घातलेलं नाही, असं बेलफास्टच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. बंधन नाही, हे मान्य. पण बंदीही नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही बेलफास्ट, डब्लिन आणि डोनेगॉलमध्ये राहणारे मराठी भाषक आहोत. कौलाचा निकाल काय लागावा यावर आमच्यात एकमत नाही आणि या पत्रापुरती त्याची गरजही नाही. आम्ही इथले मूळ रहिवासी नाही. पण हा प्रश्न आम्हाला परकाही नाही. टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात होमरूल लीग काढली, तो शब्द आयर्लंडमधूनच आलेला. आणि त्याच आठवड्यात डब्लिनच्या रस्त्यांवर ईस्टरचा उठाव चालू होता. ते बेळगाव आज कुठल्या सीमावादात अडकलं आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, ते लिओ वराडकर आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झाले. तेव्हा हा पाहुण्यांनी घरमालकाच्या भांडणात नाक खुपसल्याचा प्रकार समजू नये. याच बेटावर आम्ही कर भरतो, दवाखाने चालवतो, आणि काहीजण तर या कौलात मतही देऊ शकतील. त्याबद्दल पुढे.

आधी एक जुनं कलम आठवून द्यायचं आहे, कारण अशा मोघम वाक्याची किंमत या बेटाने एकदा मोजलेली आहे.

१९२० च्या कायद्याने आयर्लंडची फाळणी झाली. अल्स्टर प्रांताच्या नऊ काउंट्यांपैकी (जिल्ह्यांपैकी) अँट्रिम, डाउन, आर्मा, डेरी, टायरोन आणि फर्मॅना या सहा वेगळ्या काढल्या. डोनेगॉल, कॅव्हन आणि मोनाहन दक्षिणेत राहिल्या. कॅथलिकांचा कल बहुतांशी दक्षिणेकडे, प्रोटेस्टंटांचा ब्रिटनकडे. टायरोन आणि फर्मॅनामध्ये कॅथलिक निम्म्याहून जास्त होते, तरी त्या उत्तरेत गेल्या. हे दुखणं बरं करायला ६ डिसेंबर १९२१ च्या ब्रिटन-आयर्लंड तहात कलम १२ घातलं गेलं : सीमा आयोग नेमायचा आणि ‘रहिवाशांच्या इच्छेनुसार, आर्थिक व भौगोलिक परिस्थितीशी जुळेल तितपत’ सीमा ठरवायची. इच्छा कशी मोजायची, लिहिलं नाही. मोजमापाचा घटक गाव, तालुका की काउंटी, लिहिलं नाही. इच्छा आणि अर्थकारण यांत टक्कर झाली तर वरचढ कोण, तेही नाही. डब्लिनच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी त्यात दोन आख्ख्या काउंट्या वाचल्या, बेलफास्टने त्यात काहीच वाचलं नाही, आणि लंडनने दोघांनाही आपापलं वाचू दिलं.

बेलफास्टच्या सरकारने आपला सदस्य नेमायला नकार दिला, म्हणून १९२४ मध्ये वेगळा कायदा करून लंडनने जे. आर. फिशर यांना नेमलं. दक्षिणेचे ओन मॅकनील. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेतले न्यायाधीश रिचर्ड फीदम. दोन सदस्य दोन टोकांचे, म्हणजे कलमाचा अर्थ फीदम लावतील तोच. त्यांनी अर्थ लावला की मोठे फेरफार या कलमात बसत नाहीत, फक्त किरकोळ दुरुस्त्या. मतदान घेतलंच नाही. १९११ च्या शिरगणतीतला धर्म हाच लोकांचा राजकीय कल मानला. ७ नोव्हेंबर १९२५ ला ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये नकाशा फुटला. त्यात उत्तरेकडून थोडी जमीन दक्षिणेला मिळत होती आणि उलट पूर्व डोनेगॉलचा तुकडा उत्तरेला जात होता. मॅकनील यांनी राजीनामा दिला. ३ डिसेंबरला तिन्ही सरकारांनी सीमा होती तशीच ठेवली आणि बदल्यात ब्रिटनच्या सार्वजनिक कर्जातला दक्षिणेचा वाटा माफ झाला. आयोगाचा अहवाल १९६९ पर्यंत बंद कपाटात राहिला. आमच्या उपखंडात रॅडक्लिफ आयोगाला ‘इतर घटक’ हे दोन शब्द देऊन पंजाब आणि बंगाल कापायला सांगितलं होतं. मसुदे करण्याची ही रीत लंडनला जुनीच.

१९९८ चं परिशिष्ट १ त्याच घराण्यातलं आहे. इथेही अर्थ लावणारा एकच माणूस, आणि तो माणूस आपण.

आता पुरावा म्हणून काय काय धरता येईल, ते एकेक घेऊ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासगटाने २०२१ च्या अहवालात पुराव्याचे प्रकार मांडलेले आहेत, त्यामुळे कच्चा माल आपल्यासमोर तयार आहे.

शिरगणती सर्वांत मोहात पाडणारी आणि सर्वांत फसवी. २०२१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक किंवा कॅथलिक घरात वाढलेले ४५.७ टक्के निघाले आणि प्रोटेस्टंट व अन्य ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के. लगेच मथळे आले की आता एकीकरण दाराशी. पण त्याच शिरगणतीत ओळख विचारली तर ‘फक्त ब्रिटिश’ ३१.९, ‘फक्त आयरिश’ २९.१ आणि ‘फक्त नॉर्दर्न आयरिश’ १९.८ टक्के. हा तिसरा गट कुठे जाईल, यावर सगळा निकाल आहे, आणि चर्चचं नाव बघून ते कळत नाही. फीदम यांची चूक शंभर वर्षांनी पुन्हा करू नये.

निवडणुका : मे २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत एकीकरणवादी शिन फेन पहिला पक्ष ठरला, ९० पैकी २७ जागा आणि २९ टक्के पहिल्या पसंतीची मतं. ऐतिहासिक खरंच, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या मिशेल ओनील प्रथम मंत्री झाल्या. पण पहिला क्रमांक म्हणजे बहुमत नव्हे. १७ जागा घेणारा अलायन्स पक्ष या प्रश्नावर बाजूच घेत नाही, त्याच्या मतदारांना कुठल्या खात्यात लिहायचं?

विधानसभेचा ठराव हा आणखी एक मार्ग सुचवला जातो. त्याला पुरावा म्हणून स्थान असावं, पण दाराची कडी म्हणून नको. ही विधानसभा फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं ठप्प होती. बंद सभागृहाच्या परवानगीवर कौल अवलंबून ठेवला, तर सभागृह बंद पाडणं हेच कौल अडवण्याचं हत्यार होईल.

राहिल्या जनमत पाहण्या. त्यांत पद्धतीचा फरक आहे. घरोघरी जाऊन प्रत्यक्ष विचारलेल्या पाहण्यांत एकीकरणाला पाठिंबा कमी दिसतो, ऑनलाइन पाहण्यांत अंतर बरंच घटतं. पहिल्या पद्धतीत राजकारणात रस नसलेली, कुंपणावरची माणसं जास्त सापडतात. दुसरीत आपणहून नाव नोंदवलेली, ठाम मतांची. प्रश्न ‘उद्या मतदान झालं तर’ असा की ‘पुढच्या दहा वर्षांत’ असा, यानेही आकडे हलतात. ‘माहीत नाही’वाले मोजायचे की वगळायचे, यानेही. कोणती पद्धत धरणार हे आधी न सांगता नंतर निवडली, तर कुठलाही मंत्री हवं ते उत्तर काढू शकतो, आणि त्याने तसं केलं नसलं तरी लोक केलं असंच म्हणतील.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे आणि ती कुणी धूसर करू नये. करारात साधं बहुमत आहे, ५० टक्के अधिक एक. साठ टक्क्यांची अट घाला, दोन्ही समाजांचं वेगवेगळं बहुमत हवं, अशा सूचना अधूनमधून ऐकू येतात. १९७९ मध्ये स्वतःच्या विधानसभेवरच्या कौलात स्कॉटलंडला एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट घातली होती. ५१.६ टक्के मतं बाजूने पडूनही ती एकूण मतदारांच्या ३२.९ टक्केच भरली आणि कौल वाया गेला. त्याची कडवट चव तिथे वीस वर्षं राहिली. शिवाय एका दिशेला पन्नास आणि दुसऱ्या दिशेला साठ, म्हणजे एका बाजूच्या मताची किंमत कमी असं आपणच जाहीर करणं.

आता मतदार कोण? परिशिष्ट १ म्हणतं की मतदार आणि प्रश्न, दोन्ही आपल्या आदेशात ठरतील. म्हणजे तेही कोरंच. संसदीय निवडणुकीची यादी वापरली, तर बेलफास्टमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा म्हणून मत देईल, जसं त्याने २०१६ मध्ये ब्रेक्झिटला दिलं. आणि त्याच्या शेजारचा, कदाचित त्याच्यापेक्षा दहा वर्षं जुना पोलिश कामगार देऊ शकणार नाही. स्कॉटलंडच्या २०१४ च्या स्वातंत्र्य-कौलाची यादी वापरली, तर पोलिश शेजारी आणि सोळा वर्षांची मुलंही येतील. सीमेच्या दक्षिणेला गंमत उलटी. आयर्लंडच्या २०२२ च्या शिरगणतीत ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक नोंदले गेले. स्थानिक निवडणुकीत त्यांना मत आहे, पण घटनेवरच्या सार्वमतात फक्त आयरिश नागरिकांना. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे डब्लिनमध्ये मत हवं तर आधी भारतीय पासपोर्ट परत करायचा. म्हणजे एकाच बेटावर, एकाच प्रश्नावर, नागपूरहून आलेल्या दोन भावंडांपैकी एकाला मत आणि दुसऱ्याला नाही, असं सहज होऊ शकतं. आम्हाला मत द्याच, असा आमचा हट्ट नाही. आहे की नाही, हे प्रचार तापण्याआधी सांगा. ऑगस्ट २०२४ मध्ये बेलफास्टमध्ये स्थलांतरितांची दुकानं फोडली गेली, जून २०२५ मध्ये बॅलिमीनात घरं पेटवली गेली, त्याच उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. निसटत्या निकालानंतर ‘परक्यांच्या मतांनी झालं’ ही आरोळी कुणावर उलटेल, हे उघड आहे.

आमच्या मुलांचा प्रश्न याच्याच पोटातला. आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही असण्याचा हक्क कराराने ‘उत्तर आयर्लंडच्या लोकांना’ दिला, आणि सीमा बदलली तरी तो टिकेल असंही लिहिलं. पण त्यांची व्याख्या अशी : तिथे जन्मलेला, आणि जन्मावेळी आई किंवा वडील ब्रिटिश, आयरिश किंवा मुदतीच्या बंधनाशिवाय राहण्याचा हक्क असलेले. नोकरीच्या व्हिसावरच्या आईबापांचं बेलफास्टमध्येच जन्मलेलं मूल या व्याख्येत बसत नाही. एकीकरणानंतर त्याचं काय, हे कुठेच नाही.

दुसरी तक्रार डब्लिनकडे आहे. राज्यघटनेचं कलम ३ सांगतं की संयुक्त आयर्लंड फक्त शांततेच्या मार्गाने आणि दोन्ही भागांतल्या बहुमताने होईल. छान. पण दक्षिणेचे मतदार नेमक्या कशावर मत देणार? २०२० मध्ये उत्तर-दक्षिण सहकार्यासाठी ‘शेअर्ड आयलंड’ कक्ष निघाला, त्यातून चांगली कामं झाली. सीमेवरचा नॅरो वॉटरचा पूल तर वर्षानुवर्षं अडलेला होता, तोही मार्गी लागला. पूल बांधता, मग पलीकडच्या गावात काय बदलणार तेही लिहा. उत्तरेत डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत; दक्षिणेत मोफत तपासणीचं सरकारी कार्ड नसेल तर साध्या तपासणीला साधारण ५०–६० युरो, आणि चिठ्ठीशिवाय तातडीच्या विभागात गेलात तर १०० युरो. बेलफास्टची परिचारिका ब्रिटिश नोंदवहीत आहे, डब्लिनची आयरिश नोंदवहीत. एकीकरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोणत्या परवान्यावर वॉर्डात जाईल? लंडन उत्तरेला दरवर्षी सुमारे १० अब्ज पौंड देतं असं म्हणतात, त्यातले किती खरोखर दक्षिणेच्या अंगावर पडतील हे तीन गोष्टींवर आहे : आधीच कमावलेली निवृत्तिवेतनं कोण देणार, ब्रिटनच्या कर्जातला वाटा घेणार का, आणि संरक्षणासारखे हिशेबापुरते उत्तरेच्या नावावर टाकलेले खर्च वगळणार का. कर्जाचा सौदा १९२५ मध्ये एकदा झालाच आहे, तोही लोकांना न विचारता. युरोपचा प्रश्न तेवढा सुटलेला आहे : एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय परिषदेने मान्य केलं की एकीकरण झालं तर संपूर्ण बेट युरोपीय संघातच असेल. बाकी पाटी कोरी.

कागद तयार नसताना मत मागितलं तर काय होतं, हे लंडनने २०१६ मध्ये दाखवलं. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, हे मतदानानंतर साडेतीन वर्षं ठरत राहिलं, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका याच सीमेला बसला. ज्या उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी ‘राहू’ म्हटलं होतं, तिथे.

याउलट एक उदाहरण आमच्याकडचं देतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. त्याआधी संसदेने कायदा केला. विलीनीकरणवादी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, म्हणजे प्रशासन त्यांच्या हातात राहिलं नाही. चिन्हं दोनच : विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. विरोधात १,७२,१९१, बाजूने १,३८,१७०. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल बोचला, आणि आपल्याला मत नव्हतं ही मुंबईतल्या गोवेकरांची तक्रारही रास्त होती. तरी ३४,०२१ चा फरक सगळ्यांनी मानला, कारण खेळाचे नियम खेळाआधी भिंतीवर लावलेले होते. आता उत्तर आयर्लंडचा ८ मार्च १९७३ चा कौल बघा. एकीकरण हवं असलेल्या राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला, मतदान ५८.७ टक्के, ब्रिटनच्या बाजूने ९८.९ टक्के. इतका दणदणीत निकाल, आणि कुणाचं एक मत त्याने बदललं नाही.

तिसरी तक्रार रोजच्या रस्त्याची आहे आणि ती दोन्ही सरकारांकडे. सुमारे ५०० किलोमीटरच्या या सीमेवर दोनशेहून अधिक रस्ते आरपार जातात, नाकं कुठेच नाही. पण दोन्ही देशांच्या समाईक प्रवास क्षेत्राची मोकळीक ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांची. लेटरकेनीत राहणारा भारतीय नागरिक डब्लिनला सरळ रस्त्याने निघाला, तर स्ट्रबेन, ओमा, ऑकनाक्लॉय करत टायरोनमधून जातो. म्हणजे त्याला ब्रिटनचा व्हिसा लागतो. एक्सप्रेसवेची ३२ नंबरची बसही त्याच वाटेची. व्हिसा नसेल तर बंडोरन आणि स्लायगोवरून वळसा, कारण डोनेगॉल उरलेल्या प्रजासत्ताकाला जोडलेलं आहे ते लीट्रिमच्या चिंचोळ्या पट्टीने. डोनेगॉलच्या कॅन्सर रुग्णांची रेडिओथेरपी डेरीतल्या ऑल्टनागेल्विन रुग्णालयात होते, बेलफास्टच्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रिया डब्लिनमध्ये होतात. विजेचा बाजार २००७ पासून एकच. आजाराला आणि विजेला हे बेट एक आहे, आमच्या पासपोर्टला दोन. २०१४ ची ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना भारतीयांसाठी आहे, पण ती फिरायला येणाऱ्यांची. इथे घर असलेल्यांना तिचा उपयोग नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

मंत्रिमहोदय, परिशिष्ट १ खालचे निकष एका वर्षाच्या आत लेखी जाहीर करावेत : कोणते पुरावे, कोणत्या पद्धतीच्या पाहण्या, किती काळ. आमची सूचना अशी की प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशा दोन्ही पद्धतींत, ‘माहीत नाही’ वगळून, सलग बारा महिने एकीकरणाचा पाठिंबा निम्म्यावर राहिला, तर शक्यता दिसली असं धरावं. याहून चांगली कसोटी असेल तर ती मांडा. तोवर दरवर्षी एकदा, उपलब्ध पुरावा आणि त्यावरचं आपलं मत संसदेसमोर ठेवावं.

मतदारयादी कोणती आणि प्रश्न कोण तयार करणार, हे त्याच कागदात यावं. साध्या बहुमताला हात लावणार नाही, हेही.

डब्लिन सरकारने आरोग्य, निवृत्तिवेतन, कर्ज, व्यावसायिक नोंदण्या आणि नागरिकत्व या पाच विषयांवर तपशीलवार मसुदा कौलाची तारीख ठरण्याआधी प्रसिद्ध करावा. उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या, आणि दोन्हीकडच्या नसलेल्या लोकांचंही म्हणणं त्यासाठी ऐकून घ्यावं.

आणि दोन्ही सरकारांनी मिळून, बेटावर कायदेशीर निवास परवाना असलेल्या कुणालाही सीमेपलीकडे अल्पकाळ जाण्या-येण्याची व्हिसाविना मुभा द्यावी. याला कौलाची गरज नाही. दोन गृहखात्यांच्या सह्या पुरेत.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल. आयरिशमध्ये दिलंत तर आम्ही भाषांतर करून घेऊ.

आपले,
बेलफास्ट, डब्लिन व डोनेगॉल येथील काही मराठी रहिवासी